शहराच्या ठेवी आणि गुंतवणुकीतली जोखीम: वार्षिक लेख्यांतली ती टीप कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या वार्षिक लेख्यांच्या शेवटी ‘ठेवी व गुंतवणुकीवरील जोखीम’ अशी टीप आहे. तिच्यात ठेवींचा मोठा हिस्सा विमा संरक्षणाबाहेर असल्याचं लिहिलंय, रोख्यांवर तोटा दिसतोय, आणि वित्त विभाग म्हणतो की काळजीचं कारण नाही. मग सगळ्यात मजबूत एक बँक बघून सगळा पैसा तिथेच का ठेवत नाहीत, आणि हा तोटा भरणार कोण?

यात दोन-तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ‘पैसा बुडेल का’ हा सगळ्यांच्या मनात आधी येतो. शहरं मात्र बहुतेक वेळा अडकतात ती दुसऱ्याच ठिकाणी: पगाराच्या, कर्जाच्या हप्त्याच्या किंवा ठेकेदाराच्या बिलाच्या दिवशी तो पैसा हातात येईल का? कागदावर सुरक्षित असलेली रक्कम हव्या त्या दिवशी मिळाली नाही, की शहराला घाईनं काहीतरी विकावं लागतं आणि कागदावरचा तोटा खरा होतो. पुढचं सगळं याच धाग्यानं वाचा.

काही गोष्टी तुमच्या शहरावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. कायद्यानं कोणत्या साधनांत पैसे गुंतवायला परवानगी आहे, सार्वजनिक ठेवींना बँकेनं तारण देणं सक्तीचं आहे का, ठेव विमा नागरी संस्थांना लागू होतो का, हे देशागणिक आणि कधी राज्यागणिक बदलतं. अमेरिकेत विम्याची मूळ मर्यादा 2,50,000 डॉलर आहे. भारतात ती 2020 पासून 5 लाख रुपये आहे. ब्रिटनमध्ये अगदी लहान स्थानिक संस्था सोडल्या तर हे संरक्षणच नाही. शहराच्या उलाढालीसमोर या रकमा किरकोळ आहेत. त्यामुळे ‘विमा संरक्षणाबाहेर’ हे शब्द जवळपास प्रत्येक शहराच्या टिपेत सापडतील, आणि तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्यामागे तारण आहे की नाही, ते पाहायचं. तिकडे पुढे येतोच.

सुरुवात मात्र कॅलेंडरपासून. मागच्या तीन वर्षांची रोजची बँक शिल्लक एका तक्त्यात घ्या आणि एकदाच आलेले मोठे आकडे (जमीन विक्री, विशेष अनुदान, नव्या कर्जाची उचल) बाजूला काढा. उरलेल्या आकड्यांत प्रत्येक महिन्याचा तळ शोधा. सरासरी इथे निरुपयोगी आहे. मालमत्ता कर वर्षातून एकदोनदा लोंढ्यानं येतो आणि पगार दर महिन्याला जातो, त्यामुळे सरासरी नेहमीच गोड दिसते. समजा एकूण 100 कोटी आहेत आणि तीन वर्षांतला सगळ्यात खोल तळ 38 कोटींचा होता. मग सावधपणे 30 कोटी हा ‘गाभा’ धरता येतो. एवढा पैसा एक ते पाच वर्षांच्या रोख्यांत गेला तरी चालेल, कारण तीन वर्षांत एकदाही त्याला हात लावायची वेळ आलेली नाही. उरलेल्या 70 पैकी दोन महिन्यांचे पगार आणि पुढच्या तिमाहीतलं सगळ्यात मोठं एकरकमी देणं मिळून जे होईल ते मागताक्षणी मिळेल अशा ठिकाणी. बाकीचं ठरलेल्या देण्यांच्या तारखांना जुळवून लावायचं: कर्जाचा हप्ता 1 तारखेला असेल, तर रोखा किंवा मुदत ठेव त्याआधीच्या आठवड्यात सुटली पाहिजे. त्याच दिवशीची मुदत धरू नका. मध्ये सुट्टी येते, किंवा बँकेचा निरोप ‘उद्या जमा होईल’ असा येतो.

बांधकामासाठी घेतलेल्या कर्जाचा पैसा या हिशोबात मिसळू नका. तो ठेकेदाराच्या वेळापत्रकाप्रमाणे जातो, आणि ठेकेदार वेळापत्रक पाळत नाहीत. काम लवकर उरकलं तर बिलही लवकर येतं. म्हणून त्या पैशाची मुदत कामाच्या अंदाजापेक्षा दोन-तीन महिने आखूडच ठेवलेली बरी.

आता तुमचा तोट्याचा मुद्दा. चार वर्षांचा, वर्षाला 3 टक्के व्याज देणारा 10 कोटींचा सरकारी रोखा शहरानं दर्शनी किमतीला घेतला आणि लगेच बाजारात व्याजदर 5 टक्के झाला, असं धरा. तो रोखा आज विकायला काढला तर 9.29 कोटी येतील. लेख्यांत 71 लाखांचा तोटा दिसेल, कारण लेखांकनाच्या नियमांप्रमाणे रोखे बऱ्याचदा बाजारभावानं दाखवावे लागतात. दर तिथेच राहिला, तर वर्षभरानं त्याच रोख्याची किंमत साधारण 9.46 कोटी होईल, आणि मुदत संपताना पूर्ण 10 कोटी हातात पडतील. शहरानं तो तोवर धरून ठेवला तर मुद्दल कुठेही जात नाही, म्हणून ‘भरणार कोण’ हा प्रश्न उरत नाही.

तरीही ‘काळजी नको’ हे उत्तर अर्धंच आहे. एक तर शहर चार वर्षं 3 टक्के घेत बसणार आणि त्याच वेळी शेजारचं शहर 5 टक्के मिळवणार. हा तोटा लेख्यांत वेगळा दिसत नाही, पण तो होतोच. दुसरं म्हणजे ‘धरून ठेवू’ हे वाक्य वर सांगितलेल्या तक्त्याच्या जोरावरच बोलता येतं. तक्ता नसेल, तर तो हेतू आहे, क्षमता नाही. वित्त विभागाला तक्ता मागा. तो दाखवता आला तर त्यांच्या बोलण्याला आधार आहे.

घाईघाईचा हिशोब करायचा तर टिपेत ‘ड्युरेशन’ शोधा. ड्युरेशन 3 असेल आणि दर 1 टक्क्यानं चढले, तर किंमत ढोबळमानानं 3 टक्के उतरते. काही शहरं त्याऐवजी ‘भारित सरासरी मुदत’ देतात. ती वाचताना एक सापळा ओळखा: अर्धा पैसा एका दिवसाच्या मुदतीत आणि अर्धा दहा वर्षांच्या रोख्यांत असला तरी सरासरी पाचच वर्षं येते. सरासरीसोबत मुदतनिहाय तक्ता दिलेला असेल तरच तिला अर्थ आहे. मुदतीआधी परत घेण्याचा हक्क रोखे देणाऱ्याकडे असलेले रोखे, म्हणजे कॉलेबल रोखे, किती आहेत तेही पाहा. दर उतरले की ते लगेच परत जातात आणि पैसा कमी दरात पुन्हा लावावा लागतो. दर चढले की ते शेवटच्या दिवसापर्यंत गळ्यात राहतात. जादा अर्धा टक्का दिसतो म्हणून ते घेतात, आणि दोन्ही बाजूंनी शहराचीच अडचण होते.

क्षमता नसताना काय होतं, याचं सर्वज्ञात उदाहरण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचं. खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांच्याकडे काउंटीचा आणि जवळपास 200 स्थानिक संस्थांचा मिळून सुमारे 7.5 अब्ज डॉलरचा एकत्रित निधी होता. रोखे तारण ठेवून उसनवारी करत त्यांनी तो 20 अब्जांवर फुगवला आणि व्याजदर उतरतील या अंदाजावर रोखे घेतले. 1994 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं दर 3 टक्क्यांवरून नोव्हेंबरपर्यंत 5.5 टक्क्यांवर नेले. रोखे बहुतांश चांगल्या दर्जाचेच होते, कुणी रोखे देणारा बुडालाही नव्हता. पण उसने देणाऱ्यांनी वाढीव तारण मागितलं, मग नूतनीकरण नाकारलं आणि तारण विकायला काढलं. 6 डिसेंबर 1994 ला काउंटीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तोटा सुमारे 1.6 अब्ज डॉलर. 1995 मध्ये दर पुन्हा उतरले, रोख्यांच्या किमती वर आल्या, पण तोवर विक्री होऊन गेली होती. म्हणून गुंतवणूक धोरणात पहिलं कलम असं असावं की गुंतवण्यासाठी उसनवारी करायची नाही, रिव्हर्स रेपोनंही (म्हणजे इथे, आपले रोखे तात्पुरते देऊन पैसे उसने घेण्याच्या करारानं) नाही. याला अपवाद ठेवायची मागणी दरवर्षी कुणीतरी करतं. ठेवू नये.

आता विम्याबाहेरच्या ठेवी. बँक बुडाल्यावर शहराच्या हातात काय राहतं, ते तारणावर ठरतं, आणि तारणाची खरी ताकद चार तपशिलांत असते. ते कुणाच्या ताब्यात आहे: ठेव घेतलेल्या बँकेकडेच, तिच्याच ट्रस्ट विभागाकडे (इतरांची मालमत्ता सांभाळणारा विभाग), की तिऱ्हाईत कस्टोडियनकडे, म्हणजे रोखे सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे? कुणाच्या नावानं आहे? किती आहे? आणि त्याची किंमत किती दिवसांनी तपासली जाते? अमेरिकी लेखांकन नियमांत (गॅस्ब म्हणजे तिथलं सरकारी लेखांकन मानक मंडळ, त्याचं 2003 चं निवेदन क्रमांक 40) ताब्याच्या जोखमीची टीप याच भेदांवर उभी आहे. विमा नाही आणि तारणही नाही, किंवा तारण बँकेच्याच ताब्यात आहे, किंवा बँकेच्या ट्रस्ट विभागाकडे असून शहराच्या नावावर नाही, अशा तिन्ही प्रकारच्या ठेवींची रक्कम उघड करावी लागते. तिऱ्हाइताकडे, शहराच्या नावानं, लेखी त्रिपक्षीय कराराखाली असेल, तर झोप लागायला हरकत नाही.

रकमेचं उदाहरण घ्या. ठेव 20 कोटी, तारण 102 टक्के, म्हणजे 20.4 कोटींचे रोखे. ऐकायला छान. पण बँकेनं 7 ड्युरेशनचे लांब रोखे दिले असतील आणि दर दीड टक्क्यानं चढले, तर त्यांची किंमत 18.3 कोटींच्या आसपास येते. बँका नेमक्या अशाच काळात अडचणीत येतात, कारण तेच रोखे त्यांच्या स्वतःच्या ताळेबंदातही असतात. म्हणून लांब मुदतीच्या तारणावर जास्त फरक मागायचा, किंवा आखूडच तारण घ्यायचं. मूल्यांकन दर आठवड्याला, शक्य असेल तर रोज. कमी पडलेलं एका कामकाजाच्या दिवसात भरून द्यायचं, आणि कस्टोडियनचं पत्रक बँकेमार्फत न येता थेट शहराकडे यायचं. बँकेच्या स्वतःच्या किंवा तिच्या समूहातल्या कंपन्यांच्या रोख्यांना तारण म्हणून मान्यता द्यायची नाही. जे बँकेबरोबरच बुडणार, त्याचा आधार कसला?

कर मोसमातला एक दिवस यात नेहमी निसटतो. वसुलीचा लोंढा येतो, खात्यात चार दिवस 20 च्या जागी 60 कोटी बसतात, आणि तारण 20 कोटींना पुरेल एवढंच राहतं. वर्षअखेरच्या टिपेत हे कधीच दिसत नाही, कारण 31 तारखेला सगळं जागेवर असतं. वसुलीच्या तारखा बँकेला दोन आठवडे आधी कळवून तारण आधीच वाढवून घेणं एवढाच यावर उपाय आहे.

गुंतवणुकीतही ताब्याचा प्रश्न असतो. मार्च 1985 मध्ये फ्लोरिडातली ईएसएम गव्हर्नमेंट सिक्युरिटीज ही रोखे व्यवहार करणारी पेढी कोसळली. तिच्याशी रेपो करणाऱ्या, म्हणजे रोखे तारण घेऊन तिला तात्पुरते पैसे देणाऱ्या, काही शहरांना तेव्हा कळलं की आपलं तारण म्हणून दाखवलेले रोखे इतरांनाही दाखवले होते. रोखे विकणाऱ्याच्याच कपाटात ठेवले की हे घडू शकतं. म्हणून पैसे आणि रोखे एकाच वेळी हात बदलतील अशी पद्धत हवी (डिलिव्हरी व्हर्सेस पेमेंट), आणि रोखे ब्रोकरशी संबंध नसलेल्या कस्टोडियनकडे शहराच्या नावानं जायला हवेत. ब्रोकरचं दरमहाचं पत्रक हा मालकीचा पुरावा धरू नका.

‘एकच मजबूत बँक का नाही’ याचं उत्तर आता सोपं आहे. मजबूत बँक बुडायलाच हवी असं नाही, ती काही दिवस बंद राहिली तरी पुरतं. 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेनं येस बँकेवर निर्बंध घातले आणि पैसे काढायची मर्यादा 50,000 रुपये केली. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या 900 कोटींहून अधिक ठेवी तिथे होत्या. निर्बंध 18 मार्चला उठले, ठेवी बुडाल्या नाहीत. पण हे दोन आठवडे दुसरी खाती नसलेल्या एखाद्या संस्थेनं पगार कशातून केले असते, याचा विचार करा. म्हणून किमान दोन बँकांत चालू व्यवहार करता येतील अशी खाती हवीत. दुसऱ्या बँकेत सह्यांचे नमुने आणि ऑनलाइन अधिकार आधीच चालू असावेत. संकटाच्या दिवशी खातं उघडायला गेलात, तर कागदपत्रांतच आठवडा जातो.

बँकेवरची मर्यादा दोन बाजूंनी घाला. आपल्या एकूण ठेवींपैकी कमाल अमुक टक्के, आणि त्या बँकेच्या एकूण ठेवींपैकी आपला वाटा कमाल अमुक टक्के. दुसरी मर्यादा बहुतेक धोरणांत नसते. लहान बँकेत शहरच सगळ्यात मोठं ठेवीदार झालं, की पैसे काढणंच अवघड होतं, कारण आपण काढले तर बँक हलते. रोख्यांच्या बाबतीत गॅस्बच्या नियमात एका रोखेदात्यात 5 टक्के किंवा अधिक गुंतवणूक असेल तर ती उघड करावी लागते. थेट सरकारी रोखे, म्युच्युअल फंड आणि एकत्रित निधी यांना यातून सूट आहे. टिपेत ही नावं वाचा आणि त्याच नावाची बँक ठेवींच्या यादीतही आहे का, ते जुळवून बघा. एकाच समूहाची ठेव, कमर्शियल पेपर (कंपनीचे अल्पमुदतीचे कर्जकागद) आणि बाँड अशा तिन्ही रूपांतली जोखीम वेगवेगळ्या तक्त्यांत विखुरलेली असते आणि एकत्र केली की आकडा दचकवतो.

जादा व्याजदराबद्दल माझं मत कडक आहे. चार बँकांनी जवळपास सारखा दर दिला आणि पाचवीनं पाऊण टक्का जास्त दिला, तर त्या पाचवीला पैशाची निकड आहे असं आधी समजावं. तिचा ताळेबंद बघून निकड साधी निघाली तर ठेव द्या, पण आखूड मुदतीची आणि पूर्ण तारणासह. निविदेत ‘सर्वोच्च दर’ हा एकच निकष ठेवला, की ती ठेव आपोआप सगळ्यात गरजू बँकेकडे जाते. 1991 च्या जुलैत बीसीसीआय ही आंतरराष्ट्रीय बँक बंद पडली तेव्हा स्कॉटलंडच्या वेस्टर्न आयल्स परिषदेचे सुमारे 2.3 कोटी पौंड तिथे अडकले. परिषद उसने घेऊन ते तिथे पुढे ठेवत होती. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या, तेव्हा सव्वाशेच्या आसपास इंग्लिश स्थानिक संस्थांचे मिळून सुमारे 95 कोटी पौंड अडकले होते. पुढच्या काही वर्षांत बहुतांश वसूल झाले. पण त्या बँकांचं पतमानांकन घसरल्यानंतरही काही संस्थांनी तिथे नव्यानं पैसे ठेवले होते. त्यांना स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणावर देखरेख करणाऱ्या लेखापरीक्षा आयोगानं धारेवर धरलं, हे ठीकच. गंमत अशी की खुद्द आयोगाचेही एक कोटी पौंड तिथेच अडकले होते. मानांकन वाचायला माणूस लागतो, आणि मानांकन बदलल्याचा निरोप त्याच दिवशी कुणाच्या टेबलावर येतो हे नावानिशी ठरलेलं असावं लागतं.

एकत्रित निधी आणि मनी मार्केट फंड (आखूड मुदतीच्या रोख्यांत पैसे लावणारे फंड) हे बऱ्याच शहरांचं आवडतं ठिकाण, आणि लहान शहरांसाठी योग्यही. पण त्यांना बँक खात्यासारखं समजू नका. सप्टेंबर 2008 मध्ये रिझर्व्ह प्रायमरी फंड या अमेरिकी मनी मार्केट फंडाकडे तेव्हा बुडालेल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचे 78.5 कोटी डॉलरचे रोखे होते, एकूण निधीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. तरी एका युनिटची किंमत डॉलरवरून 97 सेंटवर आली, लोक तुटून पडले आणि पैसे काढणं थांबलं. त्याआधी नोव्हेंबर 2007 मध्ये फ्लोरिडाच्या स्थानिक संस्थांच्या निधीवर अशीच रांग लागली आणि तो काही दिवस गोठवावा लागला. अडकलेल्यांना प्रश्न पडला होता पगाराचाच. निधीत मोठ्यात मोठा सभासद किती टक्के आहे आणि पैसे देणं थांबवायचा अधिकार कुणाला आहे, हे दोन प्रश्न निधीच्या कागदपत्रांत शोधा.

परकीय चलनाची जोखीम बहुतेक शहरांना नसते. टिपेत ‘लागू नाही’ असेल तर पुढे चला. निवृत्तिवेतन निधीत ती असू शकते, त्याचं धोरण वेगळं असतं आणि असायला हवं.

टिपेत कधीच न येणारी एक जोखीम मात्र सगळ्यांत महाग पडते: आतला माणूस. इलिनॉयमधल्या डिक्सन या सुमारे 16,000 वस्तीच्या गावात कंट्रोलर, म्हणजे लेखे आणि खजिना सांभाळणाऱ्या अधिकारी, रीटा क्रंडवेल यांनी 1990 ते 2012 या काळात 5.37 कोटी डॉलर लाटले. गावाच्या नावासारखं दिसणारं एक गुप्त खातं त्यांनी उघडलं होतं. त्या लांब रजेवर असताना त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यानं बँकेकडून सगळ्या खात्यांची पत्रकं मागवली, आणि ते खातं समोर आलं. दरवर्षीच्या लेखापरीक्षणांतून ते निसटलं होतं. म्हणून खजिना सांभाळणाऱ्यानं वर्षातून सलग दोन आठवडे रजा घेणं सक्तीचं करा आणि त्या काळात काम दुसऱ्यानं करावं. व्यवहार करणारा, मंजूर करणारा आणि बँक ताळमेळ घालणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. शहराच्या कर क्रमांकावर उघडलेल्या सगळ्या खात्यांची यादी दरवर्षी बँकांकडून थेट लेखापरीक्षकाकडे जावी. आणि ठेकेदाराचं खातं बदलल्याचा ई-मेल आला, तर ई-मेलमधल्या क्रमांकावर फोन न करता आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर करून खात्री करावी. हल्ली बराच पैसा याच वाटेनं जातो आणि तासाभरात परत येण्यापलीकडे पोचतो.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी वित्त विभागाकडे तीन कागद मागा: मासिक तळ दाखवणारा रोख अंदाज, तिऱ्हाईत कस्टोडियनचं मागच्या महिन्याचं तारण पत्रक, आणि बँकनिहाय मर्यादांसमोर प्रत्यक्ष रकमा मांडलेला तक्ता. तारण पत्रकाची तारीख कर वसुलीच्या आठवड्यातली मागा, महिनाअखेरची नको.